त्रेसष्ट मेल आणि नोटिफिकेशनची तारीख

डिसेंबर २०२० मधल्या एका रात्री अण्णा माझ्या लॅपटॉपवर वाकले. चष्मा कपाळावर, हातात अडकित्ता. स्क्रीनवर माझी एक्सेलची शीट उघडी होती. बार्शीच्या भुसार बाजारात चाळीस वर्षं आडत दुकानात दिवाणजी म्हणून काढलेला माणूस. तक्ता दिसला की नजर आपोआप शेवटच्या रकान्यावर जाते. त्यांनी तो रकाना वरपासून खालपर्यंत बोटाने तपासला आणि विचारलं, "ह्यात येणं किती आणि बुडीत किती?"

पोस्टडॉक म्हणून, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी, मला घ्याल का असं विचारत मी प्राध्यापकांना मेल करत होते, त्याची ती शीट. त्यात ६३ ओळी होत्या. एका ओळीत एक प्राध्यापक: नाव, विद्यापीठ, मी वाचलेला त्यांचा पेपर, मेल पाठवल्याची तारीख, आठवणीच्या मेलची तारीख, उत्तर. अठ्ठेचाळीस जणांपुढे काहीच नव्हतं. अकरा जणांनी सभ्य भाषेत नाही म्हटलं होतं. चौघांनी होकारासारखं काहीतरी लिहिलं होतं.

"चार वसूल झाले तर धंदा चालतो," असं म्हणून अण्णा झोपायला गेले.

हे आत्ता लिहायचं कारण असं की "ताई, पोस्टडॉक फेलोशिपची पीडीएफ असेल तर टाका ना" असे मेसेज मला दर आठवड्याला येतात. पीडीएफ माझ्याकडेही होत्या. शंभर-शंभर नावं, निम्म्या लिंका मेलेल्या, आणि उरलेल्यांत निम्म्या अशा की मुदत गेल्या वर्षीच टळलेली. तीन महिने मी त्या याद्या वाचण्यात घालवले आणि त्याला तयारी समजत होते. खरं तर यादीतल्या बहुतेक नावांपुढे एकच अट दडलेली असते: तुम्हाला तिथे घेणारा माणूस, म्हणजे होस्ट, आधी हवा. जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपला होस्ट लागतो. जपानच्या जेएसपीएसला होस्ट लागतो, एवढंच नाही तर तिथे अर्जही होस्टच करतो. युरोपच्या मारी क्युरी फेलोशिपला होस्ट लागतो, आपल्याकडच्या राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिपला, म्हणजे एन-पीडीएफला, मेंटॉरचं संमतिपत्र लागतं. म्हणजे मी मुलगा न बघता मंगल कार्यालय शोधत फिरत होते.

एक गोष्ट सुरुवातीलाच कुणीतरी सांगायला हवी होती. पोस्टडॉकचे पैसे दोन वाटांनी येतात. एक, प्राध्यापकाच्या प्रोजेक्टमध्ये पैसे असतात, ते जाहिरात काढतात आणि तुम्ही नोकरीला लागता. काम त्यांनी ठरवलेलं. दुसरी, फेलोशिप तुमच्या नावाची असते, प्रपोजल तुम्ही लिहिता, प्राध्यापक जागा आणि उपकरणं देतो. आमच्या पातळ थरांच्या, म्हणजे थिन फिल्मच्या दुनियेत कोल्हापूर-सांगलीकडच्या सीनियरांचा रस्ता वर्षानुवर्षं कोरियाला जातो, तो बहुतेक पहिल्या वाटेने. एक जण गेला की तो पुढच्याला ओढतो, लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत मराठी ऐकू येतं म्हणतात. माझ्याही गाईडनी तोच रस्ता सुचवला होता. वाईट काहीच नव्हता. पण सुपरकपॅसिटरचे, म्हणजे वीज साठवणाऱ्या उपकरणाचे, इलेक्ट्रोड बनवून बनवून मला त्यांचा वीट आला होता, आणि कोरियातून आलेल्या दोन्ही जाहिराती सुपरकपॅसिटरच्याच होत्या.

माझे पहिले चाळीसेक मेल आज वाचले तर कान लाल होतात. "रिस्पेक्टेड सर, आय अॅम व्हेरी मच इंटरेस्टेड इन युवर एस्टीम्ड लॅबोरेटरी." खाली माझे नऊ पेपर, त्यांचे इम्पॅक्ट फॅक्टर, एच-इंडेक्स, आणि शेवटी सात एमबीचा सीव्ही, त्यात पासपोर्ट साइज फोटो आणि वडिलांचं नाव. तोच मजकूर, फक्त वरचं नाव बदललेलं. एकदा तेही बदलायचं राहिलं होतं.

एकेचाळिसावी ओळ वेगळी होती, आणि त्यामागे केओएचची, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडची, बाटली आहे.

पीएचडीच्या चौथ्या वर्षी आमच्या लॅबमध्ये त्याची नवी बाटली उघडली. कंपनी दुसरी, दर स्वस्त. त्या दिवसापासून माझे निकेलचे इलेक्ट्रोड वेगळेच वागायला लागले. सायकलिक व्होल्टॅमेट्रीत, म्हणजे व्होल्टेज वर-खाली करत करंट मोजण्याच्या चाचणीत, निकेलचं आलेखावर जे ओळखीचं पीक (टोक) होतं ते जास्त व्होल्टेजकडे सरकलं आणि त्याच्या पुढे ऑक्सिजन सुटण्याचा करंट भलताच वाढला. मी घरून फोनवर मैत्रिणीला सांगत होते, "बाटली बदलली नि पीक पार हललं गं." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "कुणाच्या रानातलं?"

सर म्हणाले, वजन चुकलं असेल, पुन्हा कर. पुन्हा केलं, तेच आलं. जुन्या बाटलीच्या तळाशी थोडं उरलं होतं, त्यात केलं तर सगळं पूर्ववत. मग वाचत गेल्यावर कळलं की ह्या क्षेत्रातल्या लोकांना हे चांगलं ठाऊक आहे. केओएचमध्ये लोहाचा अगदी किंचित अंश मिसळलेला असतो, तो निकेलच्या थरात शिरतो, आणि पाण्यातून ऑक्सिजन काढण्याचं काम लोह आत शिरलेलं निकेल कितीतरी जोमाने करतं. म्हणून काळजी घेणारे लोक आधी केओएचमधलं लोह काढून टाकतात आणि मगच मोजमाप करतात. आमच्याकडे कुणी काढत नव्हतं. माझ्या थीसिसच्या पाचव्या प्रकरणातला करंट काही अंशी त्या स्वस्त बाटलीचा होता!

हे मी कुठे लिहिलं नव्हतं. लाज वाटत होती. पण जर्मनीत बोखुमला एक प्राध्यापक नेमक्या ह्याच विषयावर काम करतात, त्यांचा पेपर वाचला आणि एका रात्री धीर करून मेल लिहिला. एस्टीम्ड लॅबोरेटरी नाही, एच-इंडेक्स नाही. नऊ ओळी. मी काय मोजत होते, बाटली बदलल्यावर काय झालं, जुन्या बाटलीत काय दिसलं, आणि तुमच्या पेपरमधल्या तिसऱ्या आकृतीत शुद्ध केलेल्या केओएचमध्येही जो थोडा करंट उरतो तो इलेक्ट्रोडखालच्या धातूतून येणाऱ्या लोहाचा असू शकेल का, हा प्रश्न. सोबत माझे दोन आलेख, एकावर एक ठेवलेले. सीव्ही दोन पानांचा.

दोन दिवसांत उत्तर आलं. प्रश्नाचं उत्तर आधी: आम्हालाही तशी शंका आहे, तपासतोय. मग एक ओळ, जी मी शीटच्या शेवटच्या रकान्यात जशीच्या तशी चिकटवली. माझ्याकडे सध्या पैसे नाहीत, पण तुम्ही स्वतःची फेलोशिप आणलीत तर जागा आहे. पीएचडी पूर्ण झाल्याची तारीख कळवा.

इथे दुसरी कथा सुरू होते.

मी थीसिस जून २०१९ मध्ये सबमिट केला होता. विद्यापीठाचं नाव घेत नाही. जिथे जिथे पीएचडी करतात तिथल्या मुलांना ही गोष्ट आपलीच वाटेल. थीसिस तपासणाऱ्या दोन रेफरींपैकी एकाचा रिपोर्ट तीन महिन्यांत आला. दुसऱ्याचा तेरा महिन्यांनी. मधल्या काळात मी दर पंधरवड्याला संबंधित टेबलावर जायची, तिथले साहेब फाइलकडे न बघता "अजून नाही" म्हणायचे. मग लॉकडाउन लागलं, तेव्हा फोनवर "अजून नाही" ऐकलं. ऑनलाइन व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, नोव्हेंबर २०२० मध्ये झाला. नोटिफिकेशन निघालं जानेवारी २०२१ मध्ये. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: व्हायवा झाला, सगळ्यांनी पेढे खाल्ले तरी आपल्याकडे नोटिफिकेशनचा कागद हातात पडेपर्यंत तुम्ही डॉक्टर नसता.

आता फेलोशिपच्या जगात दोन घड्याळं चालतात. परदेशातली बहुतेक घड्याळं पीएचडीच्या तारखेपासून मोजतात. मी अर्ज करत होते तेव्हा हुम्बोल्टच्या पोस्टडॉक गटासाठी पीएचडी होऊन चार वर्षांच्या आत अर्ज करायचा होता, अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरूलाही चार, जेएसपीएसला सहा, आणि मारी क्युरीला पीएचडीनंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांपेक्षा जास्त नको होता. आपल्याकडचं एन-पीडीएफ वय मोजतं: पस्तीस, आणि स्त्रियांना व राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सूट. त्यामुळे नोटिफिकेशन उशिरा निघालं तर परदेशातलं घड्याळ सुरूच होत नाही, हा फायदाच म्हणायचा. इथलं घड्याळ मात्र तुम्ही टेबलासमोर उभे असता तेव्हाही चालूच असतं. तेरा महिने माझं वय वाढलं, अनुभव नाही. बरं, एन-पीडीएफला एक सोय होती की थीसिस सबमिट केलेल्यांनाही अर्ज करता यायचा, फक्त डिग्री येईपर्यंत पैसे कमी. मी ते कळेपर्यंत एक फेरी हुकवली होती.

पुढची फेरी पकडली. सप्टेंबर २०२१ मध्ये पुण्यातल्या एका राष्ट्रीय प्रयोगशाळेत रुजू झाले. महिन्याला ५५,००० रुपये, शिवाय संशोधनासाठी वर्षाला दोन लाख. दोन लाखांत पहिलं काय घेतलं असेल तर चांगल्या शुद्धतेचं केओएच. मेंटॉर मॅडम हसल्या, पण सही केली. (ही योजना तेव्हा केंद्र सरकारच्या एसईआरबी ह्या मंडळाची होती, आता त्या जागी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आहे. जुन्या ब्लॉगांवरचे आकडे वाचून हिशेब मांडू नका, चालू फेरीची जाहिरातच वाचा. माझ्या ह्या लेखालाही हाच नियम लावा.) आमच्या आधीच्या पिढीतले लोक डी. एस. कोठारी पोस्टडॉकचं नाव फार प्रेमाने घेतात. यूजीसीच्या त्या योजनेचं कामकाज पुणे विद्यापीठातून चालायचं.

पुण्यातली दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात शिस्तीची. बोखुमच्या प्राध्यापकांना मी दर चार-पाच महिन्यांनी एक मेल करायची. मागणी काही नाही; लोह काढलेल्या केओएचमध्ये काय दिसलं ते आणि एक आलेख. ते दोन ओळींत उत्तर द्यायचे. एकदा त्यांच्या ग्रुप मीटिंगमध्ये ऑनलाइन बोलायला बोलावलं. बोलताना पुण्यात वीज गेली, फोनच्या नेटवर पुढचं बोलले, आणि शेवटी त्यांच्या एका विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाला मी "ठाऊक नाही" म्हटलं. नंतर कळलं की ते उत्तर त्यांना आवडलं होतं.

मारी क्युरीचा अर्ज सप्टेंबर २०२२ मध्ये केला. मूळ प्रपोजल दहा पानांचं. गुण तीन भागांत: संशोधनाच्या दर्जाला ५० टक्के, परिणामाला ३०, अंमलबजावणीला २०. पन्नासवाल्या भागावर मी दोन महिने घासले. तिसांचा भाग मुदतीच्या आदल्या रात्री लिहिला, आणि त्यात "ह्या संशोधनामुळे समाजाला स्वच्छ ऊर्जा मिळेल" ह्या जातीची वाक्यं होती. दहावीच्या निबंधात शोभली असती. फेब्रुवारीत निकाल आला: १०० पैकी ८४.२. त्या फेरीत ७,०४४ अर्ज होते आणि १,२३५ जणांना फेलोशिप मिळाली, त्यामुळे हरण्याचं दुःख इतकं नव्हतं. दुःख त्या ०.८ चं. ८५ किंवा त्याहून जास्त गुण मिळून पैसे न मिळालेल्यांना सील ऑफ एक्सलन्स नावाचं प्रमाणपत्र देतात, आणि काही देश, काही विद्यापीठं त्यावर स्वतःच्या पैशातून बोलावतात. मी सीलच्या उंबरठ्याशी अडखळले. परीक्षकांच्या शेऱ्यांत परिणामाच्या भागाखाली लिहिलं होतं की निष्कर्ष कोणापर्यंत, कसे पोहोचवणार हे पुरेसं नेमकं नाही. अगदी खरं होतं. ७० च्या खाली गेले असते तर पुढच्या वर्षी त्याच होस्टकडे पुन्हा अर्जही करता आला नसता, एवढंच समाधान.

जपानचं एक सांगायचं राहिलं. होकार देणाऱ्या त्या चारांतले एक प्राध्यापक क्यूशूचे होते, अतिशय सज्जन. जेएसपीएससाठी त्यांनी हो म्हटलं, महिन्याला ३,६२,००० येनचा तो भत्ता मी रुपयांत करूनही पाहिला. अधिकृत संकेतस्थळावरची शेवटची तारीख वहीत लिहून मी निवांत होते. पण तिथे अर्ज विद्यापीठामार्फत जातो आणि विद्यापीठाच्या कार्यालयाची आतली मुदत त्याच्या कितीतरी आधी असते. मी कागद पाठवले तेव्हा ती उलटून आठवडा झाला होता. प्राध्यापकांनी माझीच माफी मागितली, त्यामुळे आणखी ओशाळल्यासारखं झालं. तेव्हापासून कुठल्याही विद्यापीठाच्या पानावर मी आधी रिसर्च ऑफिस शोधते आणि आतली तारीख विचारते. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत तर पोस्टडॉकांचं वेगळं ऑफिसच असतं, आणि श्मिट सायन्स फेलोजसारख्या काही ठिकाणी विद्यापीठाने नाव सुचवल्याशिवाय अर्जच होत नाही. माझी हॉस्टेलची रूममेट खगोलशास्त्रातली. त्यांच्याकडे बहुतेक अर्ज हिवाळ्यात जातात आणि १५ फेब्रुवारी ही हो-नाही कळवायची तारीख बऱ्याच ठिकाणी पाळली जाते. तिचा जानेवारी म्हणजे आमच्याकडचा बारावीचा फेब्रुवारी. रसायन-भौतिकवाल्यांना असं एक कॅलेंडर नाही. आमची लग्नसराई बारमाही.

फुलब्राइटचा अर्ज मी अर्धा भरून सोडला. त्या व्हिसावर गेल्यावर पुढे अमेरिकेतच नोकरीचा किंवा कायम राहण्याचा व्हिसा हवा असेल तर आधी दोन वर्षं मायदेशी काढावी लागतात, पण मला परतच यायचं होतं, त्यामुळे ते कारण नव्हतं. अमेरिकेत ज्याला केओएचबद्दल विचारावं असा माणूस मला सापडला नव्हता, एवढंच.

शेवटी हुम्बोल्ट. तिथे देशांचा कोटा नाही, विषयांचा नाही, आणि अर्जाला मुदतही नाही. कधीही पाठवा, निवड समिती वर्षातून तीनदा बसते. मुदत नसणं ही किती वाईट गोष्ट आहे हे त्या वर्षी कळलं. "ह्या आठवड्यात टाकूच" म्हणत मी चार महिने घालवले. पाच पानांचं प्रपोजल मारी क्युरीच्या दहा पानांतून कापायचं होतं आणि प्रत्येक वाक्य पोटच्या पोरासारखं वाटत होतं. तेवढ्यात पुण्याची दोन वर्षं संपली. मी बार्शीला परत आले आणि जवळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर बी.एस्सी.ला शिकवायला लागले. डॉक्टरेट, पोस्टडॉक, आणि तासाचे पैसे, तेही सहा महिन्यांनी. शेजारच्या काकू आईला विचारायच्या, "अजून शिक्षणच चालू आहे का हो?" आई सांगायची, "आता शिकवतेय." तेही खोटं नव्हतं.

शिफारसपत्राची गंमत वेगळीच. सरांना विनंती केली तर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." मी समजावलं की ते तसं चालत नाही, तुम्हाला लिंक येईल, तुम्हीच भरायचं. सर म्हणाले, ठीक आहे. तीन आठवडे लिंक आली नाही म्हणून सर माझ्यावर नाराज, मी हुम्बोल्ट फाउंडेशनला मेल करायच्या बेतात. शेवटी त्यांच्या घरी गेले, त्यांचा स्पॅम उघडला. बक्षिसाच्या लॉटरीच्या दोन मेलच्या मधोमध ती लिंक बसली होती. सरांनी माझ्यासमोर बसून, दोन बोटांनी टाइप करत, पाऊण तास लावून पत्र लिहिलं. मी दुसरीकडे बघत होते, पण एक वाक्य दिसलं. बाटली बदलल्याचं तिने आधी ओळखलं, मी नाही, असं त्यांनी लिहिलं होतं.

हुम्बोल्ट मिळाली, आणि एप्रिल २०२४ पासून मी बोखुमला आहे. आधी दोन महिने जर्मन शिकले, तेही फेलोशिपमध्येच बसतं. पैशांबद्दल एक सांगून ठेवते, कारण हे कुणी सांगत नाही: हा स्टायपेंड पगार नव्हे. त्यावर कर नाही, पण पेन्शनची कपातही नाही, आणि आरोग्यविमा आपला आपण बघायचा. शेजारच्या टेबलावरचा पोस्टडॉक विद्यापीठाच्या करारावर आहे, त्याचा हातात येणारा आकडा माझ्याहून फार वेगळा नाही, पण त्याचं पेन्शन साठतंय. अण्णांना हे फोनवर सांगितलं तर त्यांना लगेच कळलं. "म्हणजे तू हुंडेकरी, तो पगारी."

प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारायला अजून जमत नाही. ते गेल्या वर्षीपासून भारतातून येणारे मेल मला पुढे पाठवतात, वर फक्त एक प्रश्नचिन्ह. परवा असाच एक आला. नांदेडकडचा मुलगा. "रिस्पेक्टेड सर", एस्टीम्ड लॅबोरेटरी, अकरा पेपर, इम्पॅक्ट फॅक्टर, फोटोसकट सीव्ही. मी खाली खाली जात राहिले. सहाव्या परिच्छेदात, कंसात, एक वाक्य होतं: पावसाळ्यात बनवलेले नमुने उन्हाळ्यातल्यांपेक्षा वेगळे येतात, कारण समजलेलं नाही.

मी त्याला मराठीत उत्तर लिहिलं. ते कंसातलं वाक्य पहिल्या ओळीत आण, दोन्ही ऋतूंचे आलेख एकावर एक ठेव, बाकी सगळं काढून टाक आणि पुन्हा पाठव. आणि नोटिफिकेशनची तारीख काय?

दहा मिनिटांत उत्तर आलं. "मॅडम, दुसऱ्या रेफरीचा रिपोर्ट अजून आलेला नाही."